नव्या सचिवांसाठी: दुरुस्ती आणि वीजबचतीची कामे सुरू करण्यापूर्वी

सोसायटीच्या सभेने इमारतीची दुरुस्ती आणि वीजबचतीची कामे एकत्र करण्याचे ठरवले, हे उत्तम झाले. मात्र दरपत्रके मागवण्याआधी सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले काढा आणि पंप, लिफ्ट व जिन्यातील दिवे यांपैकी वीज नेमकी कुठे जाते, ते कागदावर मांडा.

त्यानंतर सर्व कामांसाठी एकच प्रकल्प सल्लागार नेमा; तो स्वतः पॅनेल, रंग किंवा पंप विकणारा नसावा. आमच्याकडे गच्चीचे वॉटरप्रूफिंग एकाकडे आणि सौर पॅनेल दुसऱ्याकडे होते. पॅनेलच्या सांगाड्याचे बोल्ट वॉटरप्रूफिंगच्या नव्या थरातून आरपार गेले, पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरात बादल्या मांडाव्या लागल्या आणि दोन्ही कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

म्हणून क्रम असा ठेवा:

- आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) आणि त्यात निघालेली दुरुस्ती.
- मग वॉटरप्रूफिंग. पॅनेलचा सांगाडा ज्यांवर बसतो त्या ठोकळ्यांची जागा आणि वजन त्याआधीच ठरलेले हवे.
- शेवटी सौर पॅनेल.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, परंतु ते यंत्रणा सुरू झाल्यावर मिळते. नवीन समित्या हे पैसे आधीच हाती येतील असे धरून चालतात, इथेच फसतात आणि काम अर्ध्यावर अडकते.

कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घाला. खिडक्यांच्या काचा, भिंतींचे उष्णतारोधन वगैरे विषय सध्या बाजूला राहू द्या.