हेडसेट नंतर, आधी मामांची मुलाखत

तुझं पत्र दोनदा वाचलं. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस, गेम इंजिन स्वतःचं स्वतः शिकलीस आणि सहा महिने खपून सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तपासणी नाक्याचा व्हीआर डेमो, म्हणजे हेडसेट घालून अनुभवायचा आभासी नाका, बनवलास. सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांनी तो दहा मिनिटं बघितला, हेडसेट उतरवला आणि विचारलं, "दिसतंय झकास. पण माझा जवान यातून शिकणार काय?" तेव्हापासून तुला चैन नाही. थ्री-डी ग्राफिक्सचा आणखी एक डिप्लोमा करू का, या कामासाठी आधी सैन्यात जावं लागतं का, असं तू विचारतेस. आणि खाली आईंच्या अक्षरात एक ओळ आहे : "व्हिडिओ गेम बनवून पोट भरतं का, तेही सांगा."

डिप्लोमा करू नकोस. मामांनी तुझ्या ग्राफिक्सला नावं ठेवलेलीच नाहीत. तू नाका उभा केलास, म्हणजे बॅरिकेड, धूळ, गाड्यांची रांग, सगळं. नाक्यावरचं काम मात्र त्यात आलं नाही. तिथे उभा असलेला मुरलेला सैनिक आधी काय बघतो, कोणत्या क्षणी त्याला खटकतं, खटकल्यावर तो काय करतो आणि काय करायचं टाळतो, हे त्या डेमोत कुठे आहे? ते मामांच्या डोक्यात आहे. पण नुसतं विचारलंस तर ते सांगू शकतीलच असं नाही. वीस वर्षं एखादं काम केलं की हाताला आणि नजरेला असं वळण पडतं की मधल्या पायऱ्या करणाऱ्यालाच दिसेनाशा होतात. "कसं ओळखलंत?" असं विचारावं, तर "अनुभवाने कळतं." संपली मुलाखत.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर चांगलं काम झालेलं आहे. 1980च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेच्या मदतीने अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. आगीपुढे उभा असलेला अधिकारी निदान दोन पर्याय तरी तोलून बघत असेल, असा त्यांचा कयास होता. अधिकारी म्हणाले, आम्ही निर्णय वगैरे घेत नाही, काय करायचं ते दिसतं. मुलाखती खोदत गेल्यावर कळलं की ते परिस्थिती ओळखतात, तिला साजेशी पहिली कृती सुचते, ती मनातल्या मनात चालवून बघतात आणि अडली नाही तर करतात. हे ज्या मुलाखतींतून बाहेर आलं, त्यांची पद्धत 1989मध्ये मांडली गेली. क्रिटिकल डिसिजन मेथड हे तिचं नाव. त्याच्याही आधी, 1954मध्ये, मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या कामातून आलेलं क्रिटिकल इन्सिडेंट टेक्निक, म्हणजे घडलेले कळीचे प्रसंग गोळा करून तपासायची पद्धत, लिहून ठेवलं होतं. दोन्ही मूळ लेख मिळवून वाच, ते फार अवघड नाहीत.

पद्धत अशी. "नाक्यावर काय करतात?" हे विचारायचंच नाही, कारण उत्तरात नियमपुस्तिका ऐकायला मिळते. एकच घडलेला प्रसंग घ्यायचा : "गाडी सोडून देणार होतात आणि शेवटच्या क्षणी थांबवलीत, असं कधी झालं?" तो प्रसंग आधी न अडवता ऐकायचा. मग त्याच प्रसंगावरून पुन्हा जायचं आणि कागदावर वेळेची रेघ ओढून काय आधी, काय नंतर ते नोंदवायचं. तिसऱ्या फेरीत खोदायचं : त्या क्षणी नेमकं काय दिसलं, काय ऐकू आलं, पुढे काय होईल असं वाटत होतं, दुसरं काय करता आलं असतं? आणि शेवटी माझा आवडता प्रश्न : तुमच्या जागी पहिल्याच महिन्यातला पोरगा असता तर कुठे चुकला असता? तुझा प्रशिक्षण-प्रसंग जवळजवळ आयता याच उत्तरात असतो.

हे एकाच माणसावर सोडू नकोस. मामांच्या सवयी आणि कामाची गरज या दोन गोष्टी वेगळ्या करायला आणखी दोन-तीन जाणकार लागतात. जाणकारही चुकतात बरं का, कधीकधी ते मागच्या युद्धाचंच शिकवत असतात. म्हणून नवख्यांनाही काम करताना बघ, ते कुठे अडखळतात ते टिपून ठेव.

यातून काय हाती लागतं, त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण भूसुरुंगांचं आहे. धातू अगदी कमी असलेले प्लास्टिकचे सुरुंग धातू लागला की आवाज करणाऱ्या डिटेक्टरला सहज सापडत नाहीत. सैनिकांच्या हातून ते मोठ्या प्रमाणात सुटत, पण तेच यंत्र हातात घेऊन काही मोजके मुरलेले लोक ते शोधून काढत. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स स्टाशेव्स्की यांनी अशा जाणकाराचं काम बारकाईने तपासलं. हा माणूस नुसता 'आवाज आला' एवढ्यावर थांबत नव्हता. आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, त्या जागा तो वेगवेगळ्या बाजूंनी हेरायचा आणि ते बिंदू जोडून जमिनीखालच्या वस्तूचा आकार मनात काढायचा. त्याच्या या कौशल्याचे सराव बांधले, ते साध्या सैनिकांना दिले, आणि सुरुंग सापडण्याचं प्रमाण कितीतरी वाढलं. अमेरिकी सैन्याने ते प्रशिक्षण उचललं. यंत्र तेच होतं आणि हेडसेट तर कुठेच नव्हता.

मग हुबेहूब दिसण्याला काहीच किंमत नाही का? आहे, पण कामाला लागेल तेवढीच. 1929मध्ये एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातले भाते आणि पंप वापरून उड्डाणाचा पहिला गाजलेला सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उडण्याचा सराव देणारं यंत्र, बनवला. लष्कराला त्यात रस वाटेना, म्हणून काही यंत्रं करमणूक उद्यानांत गेली. (आईंना हे जरूर सांग, 'खेळणं' हा शेरा या क्षेत्राला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.) 1934मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं. खराब हवेत, नुसत्या उपकरणांवर उडण्याचा सराव नसल्याने अनेक वैमानिकांचे जीव गेले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. झाकण लावलं की त्या डब्यातून बाहेरचं काहीही दिसत नसे. शिकायचं होतं तेच मुळी बाहेर न बघता उडायला!

आणखी एक उदाहरण याच्याही पुढचं. 1994मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोफर आणि सहकाऱ्यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना दहा तास एक साधा संगणक-खेळ खेळायला दिला. स्पेस फोर्ट्रेस हा खेळ दिसायला विमानासारखा अजिबात नाही. तरी ती मुलं प्रत्यक्ष उड्डाणात इतरांपेक्षा सरस ठरली, कारण एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष कसं वाटायचं याचा सराव त्यात होता. तुझ्या नाक्यावरची धूळ खरी वाटते का, याची चिंता करण्याआधी बघ की मागून येणाऱ्या तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर काय करतोय हे प्रशिक्षणार्थ्याला दिसतं का. दिसत नसेल तर तिथे मेहनत घे.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. तुझ्या डेमोत दर दुसऱ्या गाडीत स्फोटकं आहेत. खऱ्या नाक्यावर जवळजवळ सगळ्या गाड्यांत कामाला निघालेली साधी माणसं असतात. तुझ्याकडे पन्नास तास घालवलेला सैनिक प्रत्येक ड्रायव्हरकडे शत्रू म्हणून बघायला शिकेल, आणि ती सवय कोणाच्या तरी जिवावर बेतेल. या धंद्यात याला निगेटिव्ह ट्रेनिंग म्हणतात, म्हणजे सरावातून चूकच पक्की होणं. कंटाळवाण्या, निर्दोष गाड्या भरपूर ठेव. कंटाळ्यातही लक्ष टिकवणं हाही त्या कामाचाच भाग आहे. 'गोळी न झाडणं' हे बरोबर उत्तर असलेले प्रसंगही हवेत, आणि त्यांना गुण हवेत.

दुसरी उणीव : डेमो संपला की स्क्रीनवर 'मिशन कम्प्लीट' येतं आणि खेळ खलास. सैन्यात सराव झाल्यावर आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू नावाची बैठक बसते. काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. निम्मं शिकणं तिथे होतं. तेव्हा प्रशिक्षकाला मागे नेऊन दाखवता येईल अशी नोंद तुझ्या प्रणालीत हवी, प्रशिक्षणार्थी कुठे बघत होता ती तर हवीच.

शिक्षणाचं म्हणशील तर तुझं मानसशास्त्र वाया गेलेलं नाही, तेच भांडवल आहे. पुढे कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी (माणूस विचार कसा करतो, शिकतो कसा), ह्यूमन फॅक्टर्स (यंत्र आणि काम माणसाला जुळेल असं कसं घडवायचं) किंवा इन्स्ट्रक्शनल डिझाइन (शिकवण्याची आखणी) यांपैकी एकात पदव्युत्तर शिक्षण घे. संख्याशास्त्र टाळू नकोस, कारण प्रशिक्षणाने फरक पडला हे सिद्ध करणंही तुझंच काम असेल. या क्षेत्राचं रूप कळायला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातली इन्स्टिट्यूट फॉर क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज बघ. 1999मध्ये अमेरिकी लष्कराच्या पैशावर ती सुरू झाली. ऑरलँडोला सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात सिम्युलेशन हा स्वतंत्र विषय आहे. पण परदेशी शिकणं आणि परदेशी सैन्यासाठी काम करणं यांत अंतर आहे. संरक्षणाच्या कामात बहुतेक ठिकाणी नागरिकत्व आणि सुरक्षा चौकशी आडवी येते, त्यामुळे स्वप्न बघताना ते ध्यानात ठेव.

सैन्यात जायची सक्ती नाही. मात्र सैनिकांत बसून ऐकायची तयारी हवी. हुद्दे, संक्षेप, बोलण्याची लकब येत नसेल तर कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

आईंसाठी : नुसतं लष्करावर विसंबलं तर कामं प्रकल्पांवर चालतात, एक संपला की दुसरा मिळेपर्यंत ओढाताण होऊ शकते. पण जाणकाराच्या डोक्यातलं काम कागदावर आणून त्याचा सराव बांधायचं कौशल्य विमान वाहतूक, अणुवीज केंद्रांच्या कंट्रोल रूम, शस्त्रक्रिया, अग्निशमन, सगळीकडे लागतं. शिवाय लष्करी काम गोपनीय, नोकरी मागताना दाखवता येत नाही. म्हणून तिने पहिला नमुना क्रेन चालवणारा किंवा रुग्णवाहिकेतला कर्मचारी अशा उघड कामावर करावा.

आणि आता मामांकडे जा. लॅपटॉप नेऊ नकोस, वही आणि त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्डर ने. दीड-दोन तास मोकळे ठेवायला सांग. मला पुढचं पत्र लिहिशील तेव्हा डेमोचा व्हिडिओ पाठवू नकोस, त्या एका प्रसंगाची वेळेची रेघ पाठव.