काचतंतू की प्रकाशतंतू?

इंदुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मराठी मंडळात लेसरवर बोलायचं आहे, त्यात 'स्पेशालिटी ग्लास फायबर'ला, म्हणजे वेगळ्या द्रव्याच्या काचेच्या, प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूला, 'काचतंतू' म्हणू का? आणि जिच्यात वाळूचा कणही नाही तिला काच म्हणायचं तरी कसं?

दुसरी शंका आधी घेतो. काच म्हणजे वितळवलेली वाळू, ही बाजारातली समजूत. शास्त्रात काच ही पदार्थाची अवस्था आहे. वितळलेला रस इतक्या झटपट थिजवायचा की अणूंना स्फटिकासारख्या रांगा लावायला सवडच मिळू नये. मग रस कशाचा का असेना. फ्रान्समधल्या रेन इथली, १९७५ साली प्रसिद्धीला आलेली काच झिर्कोनियमच्या फ्लोराइडवर बेतलेली. कॅल्कोजेनाइड काच गंधक, सेलेनियम नाहीतर टेल्युरियम घालून केलेली. हा खटाटोप कशासाठी? इंटरनेटच्या केबलमधली सिलिकाची, म्हणजे वाळूचीच, काच १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशाला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अगदी नितळ, पण साधारण अडीच मायक्रॉनच्या पुढे तीच प्रकाश गिळायला लागते. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधांच्या थरथरीत तो जिरून जातो. अणू जड आणि बंध सैल असले की ही हद्द पुढे सरकते: फ्लोराइडची चारेक मायक्रॉनपर्यंत, सेलेनियमवाल्या काचेची दहाच्या घरात. एर्बियम हा धातू मिसळलेल्या फ्लोराइडच्या तंतूतून २.८ मायक्रॉनचा लेसर निघतो, तो या गुणामुळेच.

तेव्हा काच बेलाशक म्हणा. 'काचतंतू' मात्र नको. तो ऐकला की फायबरग्लासची टाकी नि पत्रे आठवतात. 'प्रकाशतंतू' घ्या आणि द्रव्य आधी लावा: 'फ्लोराइड काचेचा प्रकाशतंतू'. लांबलचक आहे खरा, पण ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

बोलताना लिंगही सांभाळा. हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे 'काच फुटला' सर्रास कानावर येतं, अगदी काच मंदिराच्या दारातसुद्धा. मराठीत फुटते ती काच. पुल्लिंगी काच निराळा: पट्ट्याचा, नाडीचा, सासरचा. फ्लोराइडचा तंतू ठिसूळ, फार आवळून गुंडाळला तर तुटतो. तिथे 'काच बसून काच तुटली' हे चोख मराठी झालं.

'अल्ट्राफास्ट' लेसरसाठी 'अतिजलद' लिहू नका. तो प्रकाश जास्त पळत नाही, त्याचा स्पंद (पल्स) आखूड असतो, फेम्टोसेकंदांचा. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. 'अतिलघुस्पंदी लेसर' चालेल. जड वाटला तर सरळ 'फेम्टोसेकंद लेसर' म्हणा, कॅटमधली (इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातली, त्याचं जुनं नाव कॅट) मंडळी समोर असतील तर त्यांना तोच ओळखीचा.