गरिबांचे खटले चालवायचे आहेत. पण त्यावर घर चालेल का?

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र, शिक्षण सगळं मराठीतून. माझ्या मावसभावाला चोरीच्या आरोपावरून अटक झाली. कोर्टाने जामीन मंजूर करून सव्वा महिना झाला तरी तो अजून आतच आहे, कारण सातबारा असलेला जामीनदार आम्हाला मिळत नाही. त्याच्यासाठी कोर्टात खेटे घालताना मी ठरवलं, की एलएल.बी. करायचं आणि अशाच लोकांचे खटले चालवायचे. बाबा म्हणतात, घरात कुणी वकील नाही, गरिबाकडून फी मिळत नाही, तुझं इंग्रजी कच्चं; त्यापेक्षा बी.एड. कर. मी काय करू?

उत्तर :

तुझ्या करिअरचं नंतर बोलू, आधी भावाचं बघू. जामीन होऊनही माणूस आत राहतो, हे आपल्या देशात इतकं सर्रास घडत होतं, की सर्वोच्च न्यायालयाला 31 जानेवारी 2023 रोजी त्यावर निर्देश द्यावे लागले. जामीन मंजूर झाल्यापासून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, सचिवांना कळवायचं. सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून कैद्याची मदत करायची, आणि गरज असेल तर त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल कोर्टापुढे ठेवून अटी शिथिल करण्याची विनंती करायची. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट स्वतःहून ते प्रकरण हाती घेऊन अट बदलण्याचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदारच हवा, असा आग्रह धरू नये, हेही त्याच निर्देशांत आहे.

भावाचा महिना उलटून गेलाय. तेव्हा उद्याच जामीन आदेशाची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. साध्या मराठीत अर्ज लिही. भावाचं नाव, गुन्हा क्रमांक, जामीन कोणत्या तारखेला झाला, कुटुंबाकडे जमीन नाही, ऐपतीचा दाखला मिळेल असा कुणी नातेवाईक नाही. म्हणून रक्कम कमी करून रोख भरू द्यावी किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडावं. खाली सही, तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नकोस. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. रोख रक्कमही झेपणारी नसेल तर 2023 पासून केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, तिच्यातून मदत मिळू शकते. तिचंही त्याच कार्यालयात विचार. जाणं जमलं नाही तर 15100 या क्रमांकावर फोन कर, पण प्रत्यक्ष गेलीस तर काम लवकर हलेल.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण तू जे काम करायचं म्हणतेस ते दिवसेंदिवस असंच असतं. कायदा आपल्याकडे आहे. 1976 मध्ये घटनेत कलम 39-अ आलं आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं ही राज्याची जबाबदारी ठरली. 1979 मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली परिस्थिती न्यायालयापुढे आली : आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती, त्याहूनही जास्त काळ काही माणसं खटल्याविना आत होती. ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी ते प्रकरण लढवलं, आणि लवकर खटला चालणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, तो लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. आणि तरीही 2022 च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. हक्क मिळवून द्यायला त्या तारखेला, त्या कोर्टात कुणीतरी जाणकार माणूस उभा असावा लागतो. तो नसला की हक्क कागदावर राहतो.

एकच उदाहरण देते, कारण त्यावरून तुला या पेशाची कसोटी कळेल. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल करायचं असतं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, तसंच जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांत 90 दिवस, बाकीच्यांत 60. मुदत संपली आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कसाही असो. पण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. समज, एकसष्टाव्या दिवशी सकाळी कोर्ट उघडताच वकिलाने अर्ज दिला, तर जामीन द्यावाच लागतो. वकील दुपारी आला आणि मधल्या वेळात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, तर तो हक्क संपला. मग नेहमीच्या जामिनासाठी झगडायचं, आणि त्यात कित्येक महिने जातात. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा वकील हे दिवस डायरीत मोजून ठेवतो. गरिबाचेही दिवस कुणीतरी तितक्याच काटेकोरपणे मोजायला हवेत. म्हणून माझं ठाम मत आहे, की गरिबांची वकिली करणाऱ्याला कळवळा असून भागत नाही, त्याचं फौजदारी काम चोख लागतं. तुझ्याकडे कळवळा आहे, पत्रात दिसतोच. काम शिकावं लागेल.

आता रस्ता. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी राज्याची विधी सीईटी असते आणि ती मराठीतूनही देता येते. खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्याहून कमी. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घे. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी राज्याने 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. तुझा प्रवेश या फीमाफीत बसतो का, हे अर्ज भरतानाच कॉलेजमध्ये विचारून घे. कॉलेज मोठ्या नावाचं असावं, असा हट्ट धरू नकोस. जिल्हा न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, आणि तिथला विधी सहाय्य कक्ष खरोखर चालतो की फलकापुरता आहे, हे मात्र जाऊन बघ.

शिकत असतानाच विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाकडे नाव दे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते करता येतं. अर्ज लिहून देणं, तुरुंगात किंवा वस्तीत जाऊन माहिती घेणं, लोकांना योग्य टेबलापर्यंत पोहोचवणं हे काम, आणि कामाच्या दिवसाचं थोडं मानधन. पाठ्यपुस्तकातलं कलम प्रत्यक्षात कुठे अडतं, ते तिथे समजतं.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याच्या खर्चाची भीती बाळगू नकोस. बार कौन्सिल मनमानी शुल्क घेऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलंय; खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, एवढंच नोंदणी शुल्क. मग ऑल इंडिया बार परीक्षा. आणि मग सीनियरकडे, म्हणजे अनुभवी वकिलाकडे, काम शिकायला बसणं.

इथे बाबांचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पहिली दोन वर्षं हातात फार काही येत नाही. काही सीनियर प्रवासखर्चाइतकंच देतात, काही तेही नाही. तरीही फौजदारी खटले रोज चालवणारा सीनियर शोध. ज्याच्याकडे उलटतपासणी ऐकायला मिळेल आणि फाइल वाचायला मिळेल, तो. मोठं ऑफिस आणि नुसत्या तारखा घेण्याचं काम मिळत असेल तर ते सोड.

बाबांना बहुधा ठाऊक नसेल ती गोष्ट पुढची. पूर्वी मोफत वकिली म्हणजे प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा, म्हणजे यादीतला वकील, खासगी कामं सांभाळून, प्रत्येक खटल्यामागे तुटपुंजी फी. 2022 च्या योजनेनुसार आता जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव पक्षाचे वकील नेमले जातात : मुख्य, उप आणि सहायक. काम फक्त फौजदारी, दरमहा ठरलेलं मानधन, आणि खासगी वकिली बंद. सहायकासाठी 0 ते 3 वर्षांचा अनुभव मागतात, उपसाठी निदान 7 वर्षं, मुख्यसाठी 10. म्हणजे सनद मिळाल्यानंतर दोन वर्षं सीनियरकडे काढून, तिसरं वर्ष संपायच्या आत सहायकपदासाठी अर्ज केलास तर वेळ नेमकी साधते. ही नेमणूक कंत्राटी असते, सुरुवातीला दोन वर्षांची, पुढे काम बघून वाढते. कायम सरकारी नोकरी समजून घरी सांगू नकोस.

कायम नोकरीच हवी असेल तर लोकसेवा आयोगाच्या परीक्षा आहेत, सहायक सरकारी अभियोक्त्याची आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची. न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट मे 2025 मध्ये पुन्हा आली, त्यामुळे सीनियरकडे काढलेली वर्षं तिथेही उपयोगी पडतात. प्रामाणिक न्यायाधीश किंवा सरकारी वकील होणं, हेही गरिबाचंच काम आहे. उगाच कोठडी मागितली तर ती नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशाच्याच हातात असतो. कोर्टात उभं राहणं नकोसं वाटलं, तर एम.एस.डब्ल्यू. करून तुरुंगात समाजकार्य करता येतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प अनेक वर्षं हेच करतोय.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस, पण झटकूही नकोस. तालुका आणि जिल्हा न्यायालयात फिर्याद, जबाब, पंचनामा, साक्ष हे सगळं मराठीत असतं, आणि साक्षीदाराच्या बोलीतली खोच ओळखणारा वकील तिथे सरस ठरतो. उच्च न्यायालयाचे निकाल मात्र इंग्रजीत. रोज एक निकाल वाच. आधी फक्त घटनाक्रम, मग न्यायालयाची कारणं. तीन वर्षांत वाचणं सुटेल. बोलणं नंतर येईल.

बाबांशी बोलताना ध्येयाचं बोलू नकोस, हिशेबाचं बोल. शिक्षणाची तीन आणि सीनियरकडची दोन, अशी पाच वर्षं घर तुझ्या कमाईविना चालेल का, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेव. चालत असेल तर याच वर्षी सीईटीचा फॉर्म भर. चालत नसेल तर आधी एक-दोन वर्षं मिळेल ती नोकरी कर आणि पैसे बाजूला टाक. सनद घेतल्यावर पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, म्हणून ही कमाई आधीच करून ठेवायची. एलएल.बी.च्या सीईटीला वयाची अट नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी प्रवेश घेणारे वर्गात बरेच असतात.