केनियात मिशनरी म्हणून जाताना पहिले काही आठवडे कसे निभवावेत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही जालना जिल्ह्यातले, वय २३, मंडळीने (चर्चने) दोन वर्षांच्या सेवेसाठी केनियात किसुमूला पाठवायचं ठरवलंय, आधी आठवडाभर नैरोबीत मुक्काम आहे, तर सुरुवातीला नेमकं काय अडतं? तुमच्या प्रश्नात संदेशांच्या, म्हणजे प्रवचनांच्या, तयारीबद्दल बरंच आहे, औषधांबद्दल एक ओळही नाही. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. नवा मिशनरी पहिल्या महिन्यात अडतो तो ताप, पोट, पैसा आणि परवान्यापायी. वचन सांगायला पुढे दोन वर्षं पडलीत.

आधी कागद. जानेवारी २०२४ पासून केनियात जायला व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. ती तुम्हाला देशात शिरू देते, तेवढंच. तिथे राहून सेवाकार्य करायला ‘क्लास आय’ परवाना हवा. तो धार्मिक आणि धर्मादाय कामासाठीचा असतो आणि तुम्हाला बोलावणाऱ्या तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत निघतो. यजमान पाळक (तिथल्या चर्चचे धर्मगुरू) ‘आल्यावर बघू’ म्हणाले, तर तिकीट काढण्याआधी अर्जाची पावती मागून घ्या. यात भिडस्तपणा नको. ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणीही करावी लागते.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी इथेच घ्या. ती जाताना नाही तर परत येताना आडवी येते. केनियातून भारतात उतरणाऱ्याकडे निदान दहा दिवस आधी लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. घरी कुणाचं बरंवाईट झालं आणि तातडीने यावं लागलं, तर हे फार जिवावर येतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. अशी केंद्रं मुंबई-पुण्यात आहेत. पासपोर्ट सोबत न्या. एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. टायफॉइडचीही घ्या.

आता सामान. आपल्याकडे चटणी एका कॅरीबॅगेत, चपला दुसऱ्या, ओले कपडे तिसऱ्या असा बेत असतो. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि शिक्षा नावापुरती नाही, तुरुंगाचीही तरतूद आहे. तेव्हा सगळं कापडी पिशव्यांत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी कोरडी आणि दळलेली न्या, मोठ्या बॅगेत. बी-बियाणं, आख्खी कडधान्यं, कढीपत्त्याचं रोप असलं काही नको; त्याला वेगळी परवानगी लागते. वीज २४० व्होल्टची, म्हणजे आपला चार्जर चालतो, पण सॉकेट तीन चौकोनी पिनांचं असतं. दोन अडॅप्टर घ्या, एक हरवतोच.

आणि स्वेटर. आफ्रिका म्हटलं की आपण उन्हाचे कपडे भरतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटरवर आहे. जून ते ऑगस्टमध्ये तिथे दिवसभर ढगाळ असतं आणि पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. मराठवाड्यातून गेलेला माणूस पहिल्याच आठवड्यात सर्दी-खोकला धरून बसतो. किसुमू त्यामानाने खाली, साधारण १,१३० मीटरवर, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. तिथे पंखा लागतो.

नैरोबीत उतरल्यावर पहिलं काम सिमकार्डाचं. कंपनीच्या अधिकृत दुकानातून, मूळ पासपोर्ट दाखवून, स्वतःच्याच नावावर घ्या आणि तिथेच एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा, सुरू करून घ्या. ही २००७ पासून चालू आहे आणि भाजीवालीपासून मोटारसायकलवाल्यापर्यंत सगळा व्यवहार त्यावर चालतो. आपलं यूपीआय तिथल्या दुकानात चालेल असं धरू नका. पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. चुकीच्या नंबरवर गेलेच, तर आलेला मेसेज लगेच ४५६ वर फॉरवर्ड करा. ‘चुकून तुम्हाला पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी शिल्लक बघा; बहुतेकदा पैसे आलेलेच नसतात, नुसता बनावट मेसेज असतो. भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. दोन सिमचा फोन, रोमिंग चालू, आणि परदेशात कार्ड वापरण्याची सोय बँकेच्या ॲपमधून निघण्याआधीच सुरू केलेली हवी.

किसुमूला जाताना मलेरिया मनात पक्का धरा. नैरोबीत धोका कमी आहे, पण सरोवराकाठच्या पट्ट्यात तो बारमाही, आणि तोही फाल्सिपॅरम जातीचा, जो मेंदूवर जातो. आपल्याकडे हिवताप म्हटलं की डोक्यात क्लोरोक्विन येतं. तिथल्या जंतूवर ते चालत नाही, म्हणून घरून पाकीट नेऊन उपयोग नाही. प्रतिबंधाला बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात: १०० मिलिग्रॅम रोज, किसुमूला पोचण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, आणि तो भाग सोडल्यावर चार आठवडे चालू. ही गोळी जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका. कोरडी गिळून झोपलात तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. उन्हात कातडीही लवकर भाजते. दोन वर्षं रोज गोळी घ्यायची की काही महिन्यांनी थांबवायची, हे डॉक्टरांना जाण्याआधीच विचारून लिहून घ्या.

गोळी घेऊनही मच्छरदाणी लागतेच, औषध लावलेली. कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. हात किंवा गुडघा जाळीला टेकून झोपलात तर डास बाहेरून चावतो. ‘मच्छरदाणी असून झाला’ म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा इथेच चुकलेलं असतं. किसुमूत आठवडा झाल्यानंतर आलेला कुठलाही ताप मलेरियाच समजून त्याच दिवशी रक्त तपासा. ‘प्रवासाचा शीण आहे, उतरेल’ हे वाक्य तिथे धोक्याचं आहे. निदान झालं की मोठ्या माणसाला सहसा आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचा तीन दिवसांचा कोर्स देतात, एका वेळी चार गोळ्या, सहा वेळा, एकूण २४. दूध किंवा तेलकट काही खाऊन घेतल्याशिवाय ती अंगी नीट लागत नाही. आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी सोडायची नाही.

पाणी एक मिनिट खळखळून उकळलेलं. ओआरएसची दहा पाकिटं जवळ असू द्या, एक पाकीट एक लिटरला. काही वस्त्यांत पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनने विकत घ्यावं लागतं. टँकरवर उन्हाळे काढलेल्याला हे शिकवायला नको.

जेवणात उगाली रोजची. पांढऱ्या मक्याचं पीठ, उकळतं पाणी, आणि दुसरं काही नाही, मीठसुद्धा नाही. उलथता येईल असा घट्ट गोळा होईपर्यंत लाकडी पळीने घोटतात. उजव्या हाताने लिंबाएवढा तुकडा मोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात सुकुमा विकी, म्हणजे तिथली पालेभाजी, किंवा मासा घ्यायचा. भाकरी खाणाऱ्याला हे पटकन जमतं. तिखट मात्र नसतं. घरातल्यांसमोर मसाल्याचा डबा उघडून वर भुरभुरू नका, यजमानीणबाईंना तो अपमान वाटू शकतो. तुम्ही काय खात नाही, गोमांस वगैरे, ते पाळकांना आधीच कळवा. ताट समोर आल्यावर नाही म्हणणं वाईट दिसतं.

घड्याळाची एक गंमत आहे, ती ठाऊक नसली तर पहिलीच सभा हुकेल. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर साधारण साडेसहाला उगवतो आणि साडेसहालाच मावळतो, त्यामुळे स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. स्वाहिलीत ‘तिसऱ्या तासाला या’ म्हटलं तर नऊला जायचं; सहा मिळवा. इंग्रजीत सांगितलेली वेळ मात्र आपलीच.

रविवारी पाहुण्याला उभं करतात. ‘ब्वाना असिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) म्हणा, अख्खी मंडळी ‘आमेन’ म्हणते. मग नाव, गाव, पाठवणाऱ्या मंडळीचा सलाम, आभार, आणि खाली बसा. साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, दोन मिनिटांच्या वर लांबवू नका. हस्तांदोलन सगळ्यांशी, लेकरांशीसुद्धा. वडीलधाऱ्यांशी करताना डावा हात उजव्या मनगटाशी धरायचा.

आणखी एक. १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून किसुमूपर्यंत रेल्वे टाकायला ३० हजारांहून जास्त भारतीय मजूर नेले होते, मागोमाग भारतीय दुकानदार आले. त्यामुळे भारतीय चेहरा म्हणजे दुकानमालक, म्हणजे पैसेवाला, हे गणित तिथे पक्कं आहे. लोक फीसाठी, छपरासाठी, औषधासाठी तुमच्याकडे येतील. शाळा जानेवारीत सुरू होतात तेव्हा तर रांग लागेल. गरज बहुतेकदा खरी असते. तरी पहिले तीन महिने कुणालाही वैयक्तिक पैसे द्यायचे नाहीत, ‘भारतातल्या मंडळीला विचारतो’ असंही म्हणायचं नाही, कारण तो होकार धरला जातो. सगळी विनंती पाळक आणि पंचमंडळीकडे वळवा. हा नियम कठोर वाटेल, पण एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, यातून फुटलेली मंडळी सांधायला वर्ष जातं.

घरचा फोन ठरावीक वेळी ठेवा. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे जालन्यात साडेआठ, सगळे जेवायला घरी. बहुतेकांचं मन तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास खचतं, नवलाई संपलेली आणि भाषा अजून न आलेली असते. त्या दिवसांत आईला रोज तीनदा फोन करू नका, तिकडे घोर आणि इकडे उदासी दोन्ही वाढतं. रोज सकाळी तासभर स्वाहिली शिकवणारा माणूस पहिल्या आठवड्यातच ठरवून, पैसे देऊन ठेवा. फुकट शिकवणारा चौथ्या दिवशी येत नाही.