ग्रामसभेची भाषा मोजायची कशी?

प्रश्न : आमच्या भागातल्या एका पंचायतीची सूचना मराठीत लागते, ग्रामसभेत लोक कोंकणीत बोलतात आणि इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जातं. प्रबंधासाठी परवानगी घेऊन काही सभांचं ध्वनिमुद्रण केलं आहे. शब्द मोजून भाषांची टक्केवारी काढली तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : शब्द मोजलेत तर फसाल. ‘घर’, ‘दार’, ‘काम’ मराठी-कोंकणी दोन्ही भाषांत आहेत. ते कोणाच्या खात्यावर टाकणार? वाक्य हे एकक धरा आणि निकाल सर्वनाम-क्रियापदावर लावा. ‘हांव सांगतां’ कोंकणी, ‘मी सांगतो’ मराठी. असा पुरावा नसेल ते वाक्य ‘अनिर्णित’ रकान्यात जाऊ द्या. ‘कोमुनिदाद’ (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) किंवा ‘एनओसी’ आलं म्हणून भाषा बदलली असं मानू नका. कोंकणीत भांडणारा माणूसही एनओसीच मागतो.

टक्केवारीपेक्षा भाषा नेमकी कुठे बदलते ते पाहा. प्रत्येक वाक्यापुढे चार नोंदी करा: बोलणारा, कोणाला उद्देशून, विषय, आणि तोंडी की वाचून. शेवटची नोंद हमखास राहते. मग सचिवाने वाचून दाखवलेली मराठी सूचना ‘बोललेली मराठी’ म्हणून मोजली जाते आणि सगळा हिशेब बिघडतो.

तासाभराच्या साध्या शब्दांकनाला सहा-आठ तास सहज जातात. त्यामुळे सगळं उतरवत बसू नका. बांधकाम परवान्यासारखा एकच विषय सर्व सभांतून निवडा. त्यातला थोडा भाग दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. दोघांचं पटत नाही तिथे तुमचा नियम सैल आहे.

मग तोच विषय इतिवृत्तात शोधा. कोण बोललं, कोणावर आरोप झाला, हे तिथे बहुधा गळतं आणि कर्ता नसलेलं ‘ठरवण्यात आले’ उरतं. खरं तर प्रबंधाचा गाभा इथेच सापडेल. मराठी सूचनेला मात्र अपवाद म्हणू नका: गोव्यात 1987च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामात मराठीलाही वाव ठेवला आहे.

प्रश्न : पणजीतल्या दुकानांच्या पाट्यांची पाहणी करताना रोमी (रोमन) लिपीतली कोंकणी इंग्रजीत धरावी का?
– एक शिक्षक, म्हापसा

उत्तर : नाही. लिपी आणि भाषा यांचे रकाने वेगळे ठेवा. नुसतं आडनाव असलेल्या पाटीची भाषा ‘अनिर्णित’. सरकारी आणि खासगी पाट्या आधीच वेगळ्या करा, आणि रस्त्याचा ठरावीक टप्पा घेऊन त्यातली एकही पाटी सोडू नका. नजरेत भरणाऱ्याच टिपल्यात तर मोठ्या दुकानांचं पारडं जड होतं.