संगणकवेडे लोक मुद्दाम अवघड वाट धरून एकमेकांवर कुरघोडी का करतात?

कारण ती वाट एकेकाळी एकमेव होती. 1975 च्या अल्टेअर 8800 या संगणकाला ना कीबोर्ड होता ना पडदा. समोरचे खटके वरखाली करून एकेक बाइट भरावा लागे. आज कुणी म्हणतं, 'मी माऊसला हात लावत नाही', दुसरा म्हणतो, 'मी व्हिमही नाही, ईडी वापरतो' (दोन्ही मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे प्रोग्रॅम, ईडी त्यातला जुना नि अवघड), तिसरा थेट हेक्समध्ये, म्हणजे बाइटच्या कच्च्या आकड्यांत, फाइल दुरुस्त करतो. शेरास सव्वाशेर! मला हे मनापासून आवडतं, कारण हसता हसता यंत्र आतून कळतं.

ईडी एकदा वापराच. चूक झाली की तो फक्त '?' छापतो. लिहिणं थांबवायला ओळीवर नुसतं टिंब द्यायचं. सेव्ह न करता बाहेर पडायला क्यू (q) दिलात, तर पुन्हा '?'.