जंपसीट मागण्याआधी: वैमानिकांचे काही प्रश्न

अमेरिकेतल्या एअरलाइन्समध्ये उडणाऱ्या मराठी वैमानिकांकडून, विशेषतः नव्याने रुजू झालेल्यांकडून, दुसऱ्या कंपनीच्या जंपसीटबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. जंपसीट म्हणजे कॉकपिटमधली निरीक्षकाची जादा खुर्ची. घर एका शहरात आणि बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते विमानतळ) दुसऱ्या शहरात असलेले कित्येक वैमानिक तिच्यावर बसून कामावर जातात.

दुसऱ्या कंपनीच्या विमानात जंपसीट मागताना युनिफॉर्म लागतो का?

कायद्याने नाही, कपड्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, ते निघण्याआधी वाचा.

रिजनल कंपनीत नुकताच रुजू झालो. गेटवर ‘कॅस’मध्ये नकार आला. कॅप्टन न्यायला तयार होते, तरी एजंटने सोडलं नाही. कॅप्टनचा शब्द अंतिम नसतो का?

नाही म्हणायचा असेल तर अंतिम असतो, हो म्हणायचा असेल तर एकटा पुरत नाही. फेडरल नियम १२१.५४७ प्रमाणे तुमच्यासारख्याला कॉकपिटमध्ये घ्यायला कॅप्टन, विमान चालवणारी कंपनी आणि एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) अशा तिघांची परवानगी लागते. कॅस ही गेटवरची ओळखतपासणी. एजंट तुमची कंपनी आणि एम्प्लॉयी नंबर टाकतो, तुमच्या कंपनीने पुरवलेल्या नोंदीवरून फोटो आणि होकार किंवा नकार येतो. नकार आला की कॉकपिट बंद. “कॅप्टन ओळखीचा असला की चालतं” हे क्रू रूममधलं ऐकीव ज्ञान आहे, त्यावर विसंबू नका.

आधी नंबर पुन्हा टाकायला सांगा, चुकीचा अंक पडलेला असू शकतो. केबिनमध्ये रिकामी खुर्ची असेल तर तिथे बसवता येईल का, तेही विचारा. मग आपल्या कंपनीकडे वळा: नोंद चढलेली नसते, फोटो नसतो, नाहीतर नाव जुळत नाही. आपल्याकडे हे फार होतं. लायसन्सवर वडिलांचं नाव मधे असतं, कंपनीच्या नोंदीत ते गळालेलं असतं. “प्रोसेसमध्ये आहे” असं म्हणत ऑफिस आठवडे घालवतं, हे मुळीच खपवून घेऊ नका. काम कधी होणार ते लेखी मागा आणि युनियनच्या जंपसीट समन्वयकाला कळवा.

एक अॅप महिन्याचे पैसे घेऊन ‘कन्फर्म’ जंपसीट देतं म्हणतात. घ्यावं का?

नाही. कुठल्या विमानात किती जागा उरतील याचा अंदाज अॅप देऊ शकतं. जंपसीट त्याच्या मालकीची नाही, मग ते ती विकणार कुठून? एफएएचा निरीक्षक आला तर ती त्याची. त्यानंतर त्या कंपनीचे स्वतःचे वैमानिक, आणि मग तुम्ही. वजनाची मर्यादा आली तर तुम्हीही खाली. ‘कन्फर्म’ हा शब्द दिसला की पाकीट खिशातच ठेवा.

केबिनमध्ये जागा मिळाली तर एखादी बिअर चालेल?

नाही, जंपसीटवर नोंद आहे तोवर थेंबभरही नाही.

कॅप्टनने झोप, तब्येत, सगळं खोदून विचारलं. अपमान वाटला.

वाटून घेऊ नका. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात जंपसीटवरच्या ऑफ-ड्यूटी वैमानिकाने दोन्ही इंजिनांचे फायर हँडल (आग लागल्यास इंजिन बंद करायचे दांडे) ओढायचा प्रयत्न केला. विमान पोर्टलंडला उतरवावं लागलं. तेव्हा कॅप्टनने विचारणं रास्तच आहे. लायसन्स, मेडिकल सर्टिफिकेट आणि कंपनीचं ओळखपत्र हातात घेऊनच आत जा आणि परवानगी मागा. बसल्यावर ऑक्सिजन मास्क आणि हेडसेट तपासा, खांद्याचे पट्टे लावा. १०,००० फुटांखाली गप्पा नाहीत. मात्र धोका दिसला तर लगेच बोला. ७३७ मध्ये पहिली जंपसीट उघडली की दाराची वाट अडते, म्हणून कुणी आत-बाहेर करायचं म्हटलं की उठायची तयारी ठेवा. तब्येतीची शंका असेल तर त्या दिवशी जंपसीट मागूच नका, एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरशी बोला.

घर डेन्व्हरला, बेस नेवार्कला, रिपोर्ट सकाळी ६ ला. रात्रीच्या शेवटच्या विमानाने येऊन क्रू रूमच्या खुर्चीवर झोपलं तर चालेल ना? जंपसीटचा वेळ ड्यूटीत धरत नाहीतच.

ड्यूटीत धरत नाहीत, पण तेवढ्यावरून तो वेळ झोपेचा ठरत नाही. या प्रश्नावर मला सविस्तर लिहायलाच हवं.

१२ फेब्रुवारी २००९ ला नेवार्कहून निघालेलं कोल्गन एअरचं विमान (उड्डाण ३४०७) बफेलोजवळ कोसळलं, ५० जण गेले. फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून नेवार्कला आली होती. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते स्टॉलच्या (पंखांची उचल तुटण्याच्या) इशाऱ्यावर कॅप्टनने दिलेली चुकीची प्रतिक्रिया. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने) नोंदवली, फक्त तो किती ते नक्की सांगता येत नाही म्हटलं. त्यावरून “थकवा कारण नव्हताच” असं सांगत फिरणाऱ्यांनी अहवाल उघडलेला नाही.

४ जानेवारी २०१४ पासून वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचा फेडरल नियम, पार्ट ११७, लागू आहे: ड्यूटीआधी १० तासांची विश्रांती, त्यात ८ तास अखंड झोपेची संधी. कंपनी ती संधी देते. तुम्ही ती प्रवासात घालवलीत तर कंपनीचा कागद बरोबर राहतो आणि ‘मी फिट आहे’ या तुमच्या सहीखाली तुम्ही एकटे उरता. नेवार्कचे सकाळचे ६ म्हणजे डेन्व्हरच्या घड्याळात पहाटेचे ४. कॉकपिटची ती ताठ खुर्ची, मग क्रू रूममधला उजेड आणि वर्दळ. यात झोप कुठे होते?

आदल्या दिवशी दुपारीच निघा. अशी दोन विमानं हेरा की पहिलं हुकलं तरी दुसरं तुम्हाला रात्री वेळेवर पलंगापर्यंत पोचवेल. हॉटेल किंवा क्रॅशपॅडचे (वैमानिकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीचे) पैसे वाचवू नका. जागा मिळालीच नाही तर करारातलं कम्यूटर कलम (दुसऱ्या शहरातून कामावर येणाऱ्यांसाठीचं) किती विमानं हुकल्यावर लागू होतं, हे युनियन प्रतिनिधीकडून आजच समजून घ्या. आणि झोप झाली नसेल तर फटीग कॉल करा, म्हणजे थकव्यामुळे उडू शकत नाही असं कंपनीला कळवा, घरचे किंवा सहकारी काहीही म्हणोत.

मुलगा अमेरिकेत वैमानिक आहे. सुट्टीत इथल्या, भारतातल्या एअरलाइनच्या कॉकपिटमधून येऊ शकेल का?

नाही. कॅस ही अमेरिकेतली व्यवस्था आहे. २७ फेब्रुवारी २०२३ च्या दुबई-दिल्ली उड्डाणात प्रवासी म्हणून निघालेल्या कर्मचारी महिलेला कॉकपिटमध्ये घेतल्याबद्दल डीजीसीएने (भारताच्या विमान वाहतूक नियामकाने) एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला आणि वैमानिकाचं लायसन्स ३ महिने निलंबित केलं. मुलाला त्याच्या कंपनीच्या प्रवास विभागाकडे सवलतीचं स्टँडबाय तिकीट विचारायला सांगा, आणि परतल्यावर पहिल्या ड्यूटीआधी एक दिवस मोकळा ठेवायला.